लावा की बटनक्वेल? बांधावरून उडालेलं पाखरू ओळखायचं कसं

तुरीच्या दोन ओळींमधून चालताना पायापाशी भर्रकन काहीतरी उडतं, थोडं पुढं जाऊन पुन्हा पिकात बसतं, आणि आपण म्हणतो, "लावा होता." मराठवाड्यात रानोरानी हेच ऐकू येतं. पण या एका नावाखाली दोन वेगळी कुळं दडलेली आहेत. खरा लावा हा तितर, मोर, कोंबडी यांच्या कुळातला. बटनक्वेल दिसायला तसाच, बुटका, मातकट, शेपूट जवळजवळ नसलेला. पण नात्यानं तो टिटवी आणि कुरव पक्ष्यांकडचा. शेतकऱ्यानं हा फरक ओळखायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण बांध कधी साफ करायचा आणि कधी राखायचा हे त्यावर ठरतं.

पुस्तकात पहिली खूण बोटांची असते. लाव्याला चार बोटं, तीन पुढं आणि एक मागं. बटनक्वेलला मागचं बोटच नाही. पाणंदीच्या ओल्या मातीत किंवा ठिबकची नळी गळते तिथं ठसे सापडतात. पण लाव्याचं मागचं बोट आखूड असतं, ते नेहमी उमटत नाही. म्हणून नुसत्या ठशावर निकाल देऊ नये.

त्यापेक्षा किती पाखरं उडाली ते बघा. बालाघाटाच्या खडकाळ माळावर किंवा झुडपी बांधावर आठ-दहा एकदम उडाली आणि दिशा दिशांना पांगली, तर ते बुश क्वेल, म्हणजे झुडपातले लावे. हे थव्यानंच राहतात. पांगल्यावर थोड्या वेळानं एकमेकांना साद घालत पुन्हा गोळा होतात. यातही दोन जाती, जंगल बुश क्वेल आणि रॉक बुश क्वेल. दोघांच्याही नरांच्या पांढुरक्या छातीवर काळ्या आडव्या रेघा असतात, त्यामुळं त्यांच्यात घोळ होतोच.

एकटंदुकटं पाखरू उडालं तर खरा पेच. पावसाळ्यात तो रेन क्वेल असू शकतो. त्याच्या नराच्या छातीवर काळा डाग असतो आणि आभाळ भरून आलं की 'व्हिट-व्हिट, व्हिट-व्हिट' अशी दोन-दोन सुरांची शीळ दिवसभर चालते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा साधा लावा तीन सुरांत बोलतो. शेडमध्ये पाळतात तो जपानी लावा यातला कुठलाच नाही. तो रानात सोडू नका.

आणि तो बटनक्वेलही असू शकतो. आपल्या पिकांत नेहमी भेटतो तो पट्टेरी बटनक्वेल. दुर्बीण असेल तर डोळा बघा, बुबुळ फिकट पांढुरकं असतं. चोच आणि पाय निळसर राखाडी. या पाखराचा संसारच उलटा आहे. मादी मोठी आणि रंगानं उठावदार, तिचा गळा आणि छातीचा मधला भाग काळा. साद घालते तीही मादीच: दूर पाणंदीनं कुणी फटफटी चालवत गेल्यासारखा घुमता 'ड्र्र्र्र' आवाज. तो नेमका कुठून येतोय ते कळतच नाही. हक्कासाठी माद्या आपसात भांडतात. अंडी घालून झाली की मादी दुसरा नर शोधते. अंडी उबवायची आणि पिलं वाढवायची ती एकट्या नरानं. खऱ्या लाव्यात अंड्यांवर मादी बसते.

आता बांधाचं. बुश क्वेलची वीण मुख्यतः पाऊस सरल्यावर असते, घरटं झुडपाच्या बुडाशी जमिनीवरच. नेमकं दिवाळीच्या सुमारास आपण बांध भादरतो. बोर, तरवड, हिवराची खुरटी झुडपं सगळ्या बांधांवरची एकदम काढू नका. एक बांध यंदा, दुसरा पुढल्या वर्षी. रेन क्वेल आणि बटनक्वेल यांचा भर पावसाळ्यावर, आणि त्यांना झुडपापेक्षा गवत हवं. बांधाकडेला दोन-तीन हात रुंद गवताचा पट्टा राखा आणि तणनाशकाचा फवारा तिथं जाऊ देऊ नका. मोठी पाखरं गवता-तणाचं बी टिपतात, पण पिलांना सुरुवातीला वाळवी, मुंग्या, किडेच लागतात. फवारलेल्या बांधावर पिलं जगत नाहीत.

सोयाबीनची काढणी चारी कडांनी आत करत नेली की पाखरं मधोमध कोंडली जातात. मधून सुरू करा, नाहीतर एका बाजूनं गवताच्या पट्ट्याकडं सरकत जा. त्यांना पळायला वाट राहते. उन्हाळ्यात बांध पेटवायची रीत मात्र पूर्ण बंद व्हायला हवी, त्यात सगळ्यांचाच आसरा जातो. गवतानं साप-उंदीर वाढतात, ही तक्रार मी समजू शकतो. म्हणून घराजवळचा, गोठ्याजवळचा बांध साफच ठेवा, लांबचा राखा.

फासे लावणारे दिसले तर गप्प बसू नका. रानातले लावे धरणं, मारणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, वनखात्याला कळवा.

खुरपताना इवलीशी पिलं पळताना दिसतात, जवळ एकच मळकं पाखरू असतं किंवा तेही नसतं, आणि लोक "आई मेली" म्हणून पिलं उचलून घरी नेतात. बटनक्वेल असेल तर आई तिथं नसणारच. बाप आसपास दबून बसलेला असतो. पिलू हातात घेतलंच असेल तर सापडलं तिथंच गवताच्या सावलीत ठेवा, कुत्रं बांधून घाला आणि तेवढी ओळ दुपारनंतर खुरपा.