मुंबई–दिल्ली हवाई अंतर व उड्डाणकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किमी, म्हणजे ६१५ सागरी मैलांच्या आसपास आहे. राजधानी एक्स्प्रेसचा लोहमार्ग १,३८० किमीहून लांब आहे. हवाई अंतर दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतात. पृथ्वीगोलावरील सर्वांत लहान कमानीची ही लांबी, म्हणून तिला बृहद्वृत्त अंतर म्हणतात. मुंबई–लंडन (सु. ७,२०० किमी) मार्ग सपाट नकाशावर आखला तर ही कमान उत्तरेकडे फुगलेली दिसते, मुंबई–दिल्ली मार्गावर ती जवळपास सरळच भासते.

ताशी ८३० किमी वेगाने १,१४० किमी कापायला सव्वा तासाहून थोडाच अधिक वेळ लागायला हवा. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ छापलेली असते. कारण वेळापत्रकातला काळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा तो हिशेब असतो; त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची वाट, उड्डाणाची रांग, वर चढताना आणि खाली उतरताना कमी असणारा वेग असे सगळे येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी दिल्लीहून आलेल्या विमानाला उतरण्याआधी हवेत घिरट्या घालाव्या लागतात, त्या यामुळेच. दिल्लीत वारा बहुधा पश्चिमेचा असतो. विमान वाऱ्याला सामोरे उतरते, म्हणून मुंबईकडून येणाऱ्याला बरेचदा शहराच्या पूर्वेला वळसा घालून यावे लागते. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात तर वेळापत्रकाला फारसा अर्थ उरत नाही.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. मुंबई–दिल्ली मार्ग उत्तर-ईशान्येला जातो, त्यामुळे हे वारे बव्हंशी आडवे लागतात आणि जाण्या-येण्याच्या वेळेत मोठा फरक पडत नाही. मुंबई–कोलकाता मार्गावर तो स्पष्ट जाणवतो: जाताना वारा पाठीशी, येताना समोरून.

विमान कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी मोकळीक ठेवतात. ‘आपण वेळेआधी पोहोचलो’ ही घोषणा ऐकू येते ती बरेचदा या मोकळिकीमुळे, वैमानिकाच्या घाईमुळे नव्हे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या आकडेवारीत १५ मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरला जातो.

ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळापासूनही दिल्लीचे हवाई अंतर जवळपास इतकेच आहे. पनवेल किंवा पुण्याकडच्या प्रवाशाचा वेळ वाचतो तो विमानतळ गाठण्यात.