कादंबरीकाराच्या डोक्यातला दूधकट्टा

रात्री कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभं राहिलं, की कादंबरीला पुरेल एवढा ऐवज तासाभरात कानावर पडतो. समोर म्हशीची धार काढून गवळी धारोष्ण दुधाचा ग्लास हातात ठेवतो. शेजारी तालमीतला एक गडी दोस्ताला प्रेमाने शिव्या घालत असतो, तर मागे कुणी पोरीचं लग्न जमेना म्हणून कुरकुरत असतं. चार-पाच वर्षांनी यातलंच काहीतरी एखाद्या प्रकरणात उतरतं आणि लेखक म्हणतो, "सुचलं!" मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र या सुचण्यात आठवण्याचाच मोठा वाटा दिसतो.

त्याचा ठळक पुरावा 2007 मध्ये लंडनमधून आला. डेमिस हसाबिस (पुढे 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग निकामी झालेले पाच रुग्ण निवडले. नव्या आठवणी साठवणं हे या भागाचं काम, त्यामुळे रुग्णांची स्मृती अधू होती. त्यांना सांगितलं, आठवू नका, नुसती कल्पना करा: तुम्ही पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पहुडला आहात, काय दिसतंय? बहुतेकांना ते चित्र उभंच करता येईना. आभाळ सापडे, एखादा आवाज सापडे, पण सगळं मिळून एक जागा काही होईना. ज्याची आठवण गेली, त्याची कल्पनाही लंगडी झाली होती.

याचं कारण आठवणीच्या घडणीत आहे. घडलेला प्रसंग मेंदूत अखंड चित्रफितीसारखा पडून नसतो. आवाज, वास, चेहरा, जागा हे सुटे सुटे राहतात आणि आठवताना पुन्हा जोडले जातात. उद्यमनगरातला कारागीर जुन्या यंत्राचे भाग काढून नवं यंत्र उभं करतो, तसंच काहीसं. जोडणी दरवेळी नव्याने होते, म्हणून चुकतेही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना देऊन पुन्हा पुन्हा सांगायला लावली. 1932 मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत दिसतं, की सांगता सांगता सीलची शिकार साध्या मासेमारीवर आली आणि अनोळखी तपशील गळून गेले. साक्षीदारात हा दोष ठरेल. कादंबरीकाराचं तर पोटच त्यावर भरतं. कागलचे आनंद यादव पुण्यात प्राध्यापकी करत कागलच्या मळ्याबद्दल लिहीत राहिले. मला वाटतं, हे अंतर त्यांच्या कामीच आलं असेल.

आता राहिला रंकाळा. संध्याकाळी तिथे फेऱ्या मारताना कथानकाची गाठ सुटते, असं लिहिणारे सांगतात. 2014 मधल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगांत चालताना लोकांना बसल्यापेक्षा सरासरी 60 टक्के जास्त कल्पना सुचल्या, आणि गंमत म्हणजे कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही फायदा झाला. म्हणजे श्रेय तळ्याला कमी, पायांना जास्त. (कोल्हापूरकर हे मान्य करणार नाहीत.) ज्या कोड्याचं एकच नेमकं उत्तर असतं, तिथे मात्र चालण्याचा उपयोग दिसला नाही.

रिकाम्या डोक्याचं कौतुकही जरा बेतानेच करावं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेखक आणि भौतिकशास्त्रज्ञांनी त्या त्या दिवसाची आपली सर्वांत चांगली कल्पना रोज नोंदवली. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या कल्पना दुसरंच काही करताना, मन भलतीकडे असताना आल्या होत्या. कामाला बसून सुचलेल्यांपेक्षा त्या सरस ठरल्या असं नाही. फरक एवढाच, की अडून राहिलेला पेच त्यांनी जास्त वेळा सोडवला. आता पेच पडायला आधी कथा लिहायला घेतलेली हवी, आणि कट्ट्यावर दूध पीत उभं राहून ते काम होत नाही.