खुलासा: कोकणात व्हीगन जेवण फक्त 'शुद्ध शाकाहारी' पाटीखालीच मिळतं का?

"शुद्ध शाकाहारी पाटी बघून जेवा, मासळीच्या खानावळीत व्हीगन माणसाला काही मिळत नाही," असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो कोकणापुरता तरी बराचसा उलटा आहे. व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारा, दूध, तूप, मधसुद्धा नाही.

शाकाहारी म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीत, एवढंच. दूध, तूप, ताक, मध चालतात. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंही तेच. म्हणून त्या थाळीत वरणावर, चपातीवर तूप असू शकतं.

मालवण-रत्नागिरीकडच्या छोट्या घरगुती खानावळीत मात्र वाटप (भाजी-आमटीत घालायचा वाटलेला मसाला) नारळाचं आणि फोडणी बहुधा तेलाची. काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, वडे, भात: एवढ्यात पोटभर जेवण होतं. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. वांग्याच्या किंवा दुधीच्या भाजीत सुकट, सोडे (सुकवलेली मासळी-कोळंबी) पडतात, आणि वडे कधी मासे तळलेल्या तेलातच निघतात. म्हणून तेवढं नेमकं विचारावं: "भाजीत सुकट आहे का? तळणीचं तेल वेगळं का?" नुसतं "व्हीगन आहे का" विचारलं तर बहुतेक वेळा "हो, व्हेज आहे" असंच उत्तर येतं.

सोलकढीची खात्री थोडी अवघड. नारळाच्या रसाची असेल तर ठेवल्यावर दाट साय वर येते. ताक घातलेलं असेल तर दाट भाग खाली बसतो. नारळाच्या दुधाची पावडर वापरत असतील तर पाकीट बघायला मागा, कारण काही पावडरींत सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलं प्रथिन, असतं.