स्वतःचा मृत्यू (तत्त्वज्ञान)

स्वतःचा मृत्यू हा तत्त्वज्ञानातला जुना आणि चिवट प्रश्न आहे. प्रत्येकाला जग कळतं ते स्वतःच्या अनुभवातूनच, मग अनुभव घेणाराच संपला तर त्याच्यापुरतं नेमकं काय होतं, आणि जे कधी अनुभवताच येणार नाही त्याला वाईट म्हणायचं ते कशाच्या जोरावर, असा हा सगळा मामला. मेल्यावर आत्म्याचं काय होतं ही चर्चा वेगळी, ती इथे बाजूलाच ठेवलीय.

सुरुवात बहुतेक वेळा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसपासून (इ.स.पू. ३४१-२७०) करतात. त्याचं म्हणणं असं की आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही, दोघांची गाठच पडत नाही तर भ्यायचं कशाला. त्याच्या पंथातला रोमन कवी ल्युक्रेशियस याने भर घातली की जन्माआधीचा अख्खा काळ आपण नव्हतोच, त्याचं कुणाला काही दुःख नाही, मग नंतरच्या काळाचंच एवढं काय? लॉजिक बिनतोड वाटतं पण हे वाचून कुणाची भीती गेली असेल असं वाटत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने १९७० साली याला उत्तर दिलं, मरण वाईट आहे ते त्यात काही सोसावं लागतं म्हणून नाही तर पुढे जे जगता आलं असतं ते हातचं जातं म्हणून, आणि जन्माआधीच्या काळाला हे लागू होत नाही कारण खूप आधी जन्मलेला माणूस आपण नसतोच, दुसराच कोणीतरी असता.

खरी गोम अनुभवाच्या बाजूला आहे. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनने १९२१ मध्ये लिहिलं की मृत्यू ही आयुष्यातली घटनाच नाही, आणि मरणाने जग बदलत नाही, ते संपतं. आपल्या नजरेला जशी कडा दिसत नाही तसंच आयुष्याचंही, असं तो म्हणतो. आता याचा अर्थ जग माझ्यावर टिकून आहे असा काढायचा का? नाही, इतर लोक मरतात आणि जग चालूच राहतं हे आपण बघतोच की. पण ते बघणं बाहेरून. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९२७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं, दुसऱ्याच्या मरणाशेजारी उभं राहता येतं, ते मरण त्याच्याकडून काढून घेता येत नाही.

मग निदान कल्पना तरी करून बघावी, तर तिथेही अडचण. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१५ मध्ये दाखवून दिलं की आपलं मरण डोळ्यापुढे आणायला गेलं की आपण प्रेक्षक म्हणून तिथे हजरच असतो. कुणी रडतंय, कुणी आवराआवर करतंय, हे सगळं बघणारा कोण? आपणच. गंमत म्हणजे तुकारामांच्या अभंगात आपलं मरण डोळ्यांनी पाहिलं असं येतं तिथे हाच प्रेक्षक अडचण न राहता मुद्दा होऊन बसतो, कारण तिथे मेलाय तो मीपणा, बघणारा नाही. अद्वैतवाल्यांना, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणाऱ्यांना, हे सोयीचं आहे, एपिक्युरसला अजिबात पटलं नसतं.

मरणाच्या दारातून परत आलेल्यांचे अनुभव लोक पुरावा म्हणून देतात. २००१ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ पेशंटपैकी ६२ जणांनी, म्हणजे साधारण १८ टक्के लोकांनी, असा काही अनुभव सांगितला. पण सांगायला परत आले म्हणजे ते त्या अर्थाने मेले नव्हतेच, आणि तो अनुभव हृदय बंद असताना आला की शुद्ध जाता-येताना, यावर वाद अजून चालूच आहे.