युवराज एका आईचा, पट्टराणी दुसरी

राजगडाच्या पद्मावती माचीवर शिवाजी महाराजांच्या पहिल्या राणी, संभाजीराजांच्या आई सईबाईंची समाधी आहे. पुण्याहून ट्रेकला गेलेली मंडळी तिथे हात जोडतात आणि बालेकिल्ल्याकडे वळतात. पण ५ सप्टेंबर १६५९ रोजी या गडावर झालेल्या मृत्यूचा धागा थेट १६८० च्या वारसासंघर्षापर्यंत जातो आणि तो नीट उलगडून पाहायला हवा.

राणी अकाली गेली तरी तिच्या मुलाचा हक्क जात नाही, कारण तो बापाकडून आलेला असतो. जाते ती त्या हक्काची राखण. मध्ययुगीन दरबारात आई हयात असणं म्हणजे राजाच्या कानापर्यंत रोजची पोच, अंतःपुरात आपली माणसं आणि पाठीशी माहेरची तलवार.

आई गेली तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. दूध पाजायला कापूरहोळच्या धाराऊ गाडे आणि वाढवायला जिजाबाई. जिजाबाईंचा शब्द कोणत्याही राणीपेक्षा वजनदार होता, त्यामुळे पंधरा वर्षं ही उणीव कुणाला टोचली नाही. १६७० मध्ये राजगडावरच सोयराबाईंच्या पोटी राजाराम जन्मले, तरीही नाही.

मेख पडली ती ६ जून १६७४ रोजी रायगडावर. राज्याभिषेकाच्या विधीत राजासोबत पट्टराणी लागते. महाराजांच्या वस्त्राला पदराची गाठ मारून सोयराबाई बसल्या आणि त्यांच्या मागे युवराज म्हणून संभाजीराजे. सईबाई असत्या तर हे दोन्ही मान बहुधा एकाच मायलेकरांकडे राहिले असते. आता पट्टराणीला स्वतःचा मुलगा होता आणि युवराज मात्र सवतीचा. पुढे अकराच दिवसांनी, १७ जूनला, पाचाडला जिजाबाई वारल्या. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा योग हाच: नवी पट्टराणी मानाने स्थिर झाली आणि त्याच महिन्यात युवराजाची ढाल गेली.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर गेले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आलं. सोयराबाईंना खलनायिका ठरवून हा गुंता सुटत नाही. राजा अज्ञान असला की कारभार मंत्र्यांच्या हाती राहतो. शिवाय मंत्री अण्णाजी दत्तोंचं आणि युवराजाचं हाडवैर होतं आणि युवराज १६७८ मध्ये मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाल्याची गोष्ट ताजी होती. आई नसणं हे एकमेव कारण नव्हतं. पण रायगडावर संभाजीराजांची बाजू लावून धरणारं वडीलधारं कुणी उरलं नव्हतं, हे खरं.

आता माहेरच्या तलवारीचं पाहा. सरनौबत (सेनापती) हंबीरराव मोहिते सोयराबाईंचे सख्खे भाऊ. नात्याच्या हिशेबाने त्यांनी भाच्याच्या, राजारामांच्या मागे उभं राहायचं. त्यांनी कऱ्हाडजवळ अण्णाजी आणि पेशवे मोरोपंतांनाच कैद करून संभाजीराजांच्या हवाली केलं. मोगल कधीही चालून येतील अशा वेळी फौजेला लढणारा, वयात आलेला राजा हवा होता. मामाच्या नात्यावर सगळा हिशेब बांधणारा इथे चुकतो.

फ्रान्समध्ये असाच पेच चार शतकं आधी पडला होता. १२७१ मध्ये तिसऱ्या फिलिपची गरोदर राणी, अरागॉनची इझाबेल, इटलीत घोड्यावरून पडून वारली. ख्रिस्ती राजाला एका वेळी एकच राणी, म्हणून १२७४ मध्ये त्याने ब्राबांतच्या मारीशी लग्न केलं. दोनच वर्षांत पहिलीचा थोरला मुलगा लुई मरण पावला आणि सावत्र आईने विष घातल्याची कुजबुज उठली. त्या वादात राजाच्या मर्जीतला पियर द ला ब्रोस १२७८ मध्ये फासावर गेला. गादीला मात्र धक्का लागला नाही. १२८५ मध्ये पहिलीचाच दुसरा मुलगा, चौथा फिलिप, बिनबोभाट राजा झाला, कारण थोरल्या हयात मुलाकडे राज्य जाण्याची रीत तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती.

स्वराज्यात राज्याभिषेकाला सहाच वर्षं झालेली. छत्रपतींची गादी एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा हा पहिलाच प्रसंग, मागे दाखला नाही. निकाल फौजेने लावला आणि १६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला.