मुंडी, पाय, वजडी : घरी कापलेल्या बकऱ्याच्या उरलेल्या भागांवरचा हक्क

पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत जत्रेला किंवा नवसाला दारात बकरे कापले जाते, तेव्हा मटणाचे वाटे घालून झाल्यावरही रक्त, मुंडी, चार पाय, वजडी (पोटाची पिशवी आणि आतडी), चरबी आणि कातडे एवढे मागे राहते. यांतले काही टाकून देण्याची रीत नव्हती. मात्र प्रत्येक भाग कोणाकडे जाणार हे बकरे कापण्याच्या आधीच ठरलेले असे, आणि या विषयाचा इतिहास पाककृतींपेक्षा त्या ठरलेपणाचाच अधिक आहे.

जनावर हलाल करण्याचे काम बलुत्यातल्या मुलाण्याकडे असे आणि त्याचा मोबदला बहुधा वाट्याच्या रूपातच मिळे. मुंडी कुठे मानकऱ्याला, कुठे पुजाऱ्याला, तर कातडे पुष्कळ ठिकाणी कापणाऱ्याला, असे रिवाज गावागणिक बदलत. मेलेल्या गुरांचे मांस आणि कातडे यांबाबतचे संकेत याहून कडक होते. महारांच्या बावन्न हक्कांची जी परंपरा सांगितली जाते, तीत मृत जनावरावरील हक्काचाही समावेश होतो. येथे ‘हक्क’ हा शब्द नीट तपासून घ्यायला हवा. ज्या कामाला नकार देण्याची मुभा नाही, त्या कामाच्या बदल्यात मिळणारे पडीचे, म्हणजे आपोआप मेलेल्या जनावराचे, मांस कागदावर हक्क म्हणून नोंदले गेले, तरी व्यवहारात ती सक्तीच होती. मेलेले ढोर ओढून नेणे हे वतनाचे, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या गावकामाचे, कर्तव्य आणि त्याचे मांस हा वतनाचा लाभ, अशी ती सांगड होती. पुढच्या काळातल्या लेखनात या व्यवस्थेला ‘काहीही वाया न घालवणारी ग्रामसंस्कृती’ म्हणून गौरवले जाते, ते मला पटत नाही. वाया जात नव्हते हे खरे, पण ते कोणाच्या वाट्याला आणि कोणत्या अटीवर येत होते, हे त्या गौरवात गळून जाते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन झाले, आणि गावोगावच्या वस्त्यांनी तसे निर्णय घेतले. काही गावांत त्याचा सूड बहिष्काराने उगवला गेला. १९२८ मध्ये वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले गेले. ही वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. महाडचा निर्णय पडीच्या मांसाविषयी होता. घरी कापलेल्या बकऱ्याच्या रक्तीविषयी किंवा वजडीविषयी त्यात काही नव्हते. तरीही पुढे लाजेची रेघ या दोहोंच्या मधोमध राहिली नाही. वजडी, रक्ती आणि चान्या (उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या) या सगळ्यांवरच ‘त्यांचे खाणे’ असा शिक्का बसला. शिकून शहरात गेलेल्या अनेक घरांनी ते शिजवणे बंद केले, आणि ज्यांनी चालू ठेवले त्यांनी शेजाऱ्यांपासून लपवले. सक्ती नाकारण्याचा निर्णय पूर्णपणे योग्य होता. पदार्थांवर बसलेला कलंक मात्र त्या निर्णयाने निर्माण केलेला नव्हता, तो आधीपासून होता तो जातीचा, हे स्पष्ट सांगायला हवे.

या भागांना लागणारे श्रम बहुतांशी बायकांचे होते. वजडी गरम पाण्यात बुडवून, चुना लावून, आतला काळपट थर सुरीने खरवडून निघेपर्यंत घासावी लागते. मग वास जाईपर्यंत पाणी बदलत धुवायची आणि हळद-मीठ चोळून ठेवायची. मुंडी आणि पाय जाळावर भाजतात. केस करपले की पाय गरम असतानाच खुराचे टोपण आपटून काढतात, कारण थंड झाल्यावर ते सुटत नाही. रक्त मीठ घातलेल्या भांड्यात धरले की थोड्या वेळात थिजते, त्याच्या वड्या उकळून कांद्यावर परततात. मोडलेल्या हाडासाठी पायांचा रस्सा रात्रभर मंद आचेवर ठेवण्याची चाल आजही आहे.

खाण्यापलीकडच्या उपयोगांना यंत्रांनी आधीच ओहोटी लावली होती. आतड्याची तात पिंजाऱ्याच्या धनुकलीवर चढत असे, पण कापूस पिंजायची यंत्रे आली आणि ती दिसेनाशी झाली. विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप बसले तशी चामड्याची मोट गेली, आणि तिच्यासोबत तरवडाच्या सालीत कातडी कमावणाऱ्या गावच्या कुंडांचे मोठे गिऱ्हाईकही गेले. बकऱ्याच्या कातड्याला हलगी, संबळ आणि तबल्याची पुडी एवढी मागणी उरली. त्यातही हलगीवर आता फायबरचे पान चढू लागले आहे.

अलीकडच्या दोन घडामोडींनी चित्र आणखी बदलले. २००१ च्या केंद्रीय नियमांनी नगरपालिका हद्दीत परवानाप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापण्यास मनाई केली, त्यामुळे दारात कापण्याची पद्धत मुख्यतः खेड्यांपुरती उरली. मार्च २०१५ मध्ये राज्याच्या पशुसंरक्षण कायद्याच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. बकऱ्याला हा कायदा लागू नाही. मात्र बैलाच्या मांसाच्या चान्या ज्या घरांत वाळत, तिथल्या दोऱ्या रिकाम्या झाल्या.

याच काळात कोल्हापूर-सांगलीकडच्या खानावळींच्या पाट्यांवर ‘रक्ती-मुंडी’ आणि ‘वजडी’ ही नावे उघडपणे आली आणि ती मागवणाऱ्यांत सर्व जातींचे लोक दिसू लागले. कातड्याचे उलटे झाले आहे. गेल्या दशकात भाव कोसळल्याने मीठ लावून घडी घातलेले कातडे न्यायला कोणी दारी येईनासे झाले, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी ते गावाबाहेरच्या खड्ड्यात पुरले जाते.