‘डिचोली’ वाचताना मेंदूत काय घडतं?

‘डिचोली’ या गोव्यातल्या गावाच्या नावात डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग ड. तोंडातून मात्र आधी ड् येतो, मग इ. ‘पर्वरी’तला रफार ‘व’च्या डोक्यावर, पण र् चा उच्चार ‘व’च्या आधी. सरावलेल्या वाचकाचा मेंदू अक्षर आणि आवाज यांची गाठ क्षणार्धात मारतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली अडचण असलेल्या मुलाला नेमकं हेच जड जातं.

लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. त्यामुळे वाचनाचं केंद्र मेंदूत जन्मजात नसतं. पाहण्याचे आणि भाषेचे भाग जोडून प्रत्येक मुलाला ते घडवावं लागतं. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, वाचताना डाव्या मेंदूतले तीन भाग ठळकपणे कामाला लागलेले दिसतात. कानाच्या वर-मागे असलेला भाग अक्षरांना आवाजांशी जोडतो, त्याहून मागे, खालच्या अंगाचा भाग शब्दाचं रूप झटकन ओळखतो, आणि कपाळाकडचा भाग उच्चाराची जुळणी करतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या गटांत मागचे दोन भाग मंद आढळतात, बुद्ध्यांक कमी असो वा जास्त. यातले काही फरक कमी वाचल्यामुळेही पडत असतील. पण घरात कुणाला डिस्लेक्सिया आहे अशा, अजून वाचायलाही न शिकलेल्या मुलांमध्येसुद्धा फरक सापडले आहेत. ‘लक्षच देत नाही’ म्हणून त्यांना ओरडणं हा अन्याय आहे.

मोठेपणी चित्र बदलतं, पुसलं जात नाही. अनेक प्रौढ कपाळाकडच्या भागावर आणि उजव्या मेंदूवर जादा भार टाकून वाचतात. चुका कमी होतात, वेग मात्र येत नाही. २००१ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषक प्रौढांची तुलना झाली. इटालियन स्पेलिंग उच्चाराला धरून असतं, म्हणून इटालियन प्रौढ अधिक अचूक वाचत होते. तरी मेंदूतली मंद जागा तिन्ही गटांत एकच निघाली.

गोव्यात मराठी माध्यमातलं मूल देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्या शिकतं. देवनागरीही बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते. त्यामुळे अडचण मराठीत झाकली जाऊन इंग्रजीत उघडी पडू शकते, आणि घरचे ‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून शिकवणी लावतात. मराठी धडा वाचायला मुलाला किती वेळ लागतो, हेही शिक्षकांनी बघायला हवं. स्कॅनवरून एकेका मुलाचं निदान होत नाही, कारण हे फरक गटाच्या सरासरीतले आहेत. त्यासाठी वाचन-लेखनाच्या चाचण्याच लागतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ चाचणीत मराठीही आहे.

आवाज आणि अक्षरं यांचं पद्धतशीर शिक्षण मिळाल्यावर मुलांच्या डाव्या मेंदूतली सक्रियता वाढल्याचं दिसलं आहे. प्रौढांच्या मेंदूतही २००४ च्या एका अभ्यासात प्रशिक्षणानंतर असे बदल नोंदले गेले, डावीकडे आणि उजवीकडेही.